हसून घेतलेली रताळी

शेजारणीनं आपुलकीनं आणून दिलेला जिन्नस हसून घ्यायचा आणि तिची पाठ वळली की बाजूला सारायचा, हे कुठल्या घरात घडत नाही? मासानोबाई कुनिशिगे यांच्या घरात ते अकरा वर्षं घडत होतं. आणि मासानोबाई तर आमच्या हवाई बेटावरच्या कोना भागातल्या साऱ्या डोंगरउतारावर सर्वांत भाविक बाई म्हणून ओळखल्या जात.

एकोणिसाव्या वर्षी, नुसता फोटो पाहून ठरलेल्या नवऱ्याकडे, त्या हिरोशिमाहून बोटीनं हवाईला आल्या. धक्क्यावर उतरल्यावर कळलं, की फोटो दहा वर्षांपूर्वीचा आहे! त्या गोष्टीवर त्या पुढे आयुष्यभर हसल्या. नवरा जिन्साकु अबोल, पण भला माणूस. आठ वर्षं दोघांनी उसाच्या मळ्यात काढली, मग खंडानं कॉफीचा मळा घेतला. पाच मुलं झाली. चुलीवरचा पहिला भात अमिताभ बुद्धाच्या देव्हाऱ्यात जायचा, मग मुलांच्या डब्यांत. रविवारी मुलांना घेऊन त्या देवळात जात. देवळाच्या महिला मंडळाच्या त्या प्रमुख होत्या. संसारात फार काही नव्हतं, पण कमीही काही वाटत नव्हतं.

त्यांच्या मळ्याच्या खालच्या अंगाला कामादोबाई तेंगान राहत. त्या ओकिनावा बेटावरच्या. ओकिनावाची माणसंही जपानचीच, पण हिरोशिमाकडची मंडळी त्यांना आपल्यात धरत नसत. ती डुकरं पाळतात, त्यांची बोली वेगळी, आणि त्यांच्या म्हाताऱ्या बायकांच्या हातांवर निळं गोंदण. कामादोबाई रोज सकाळी डुकरांसाठी खरकटं न्यायला येत. बादली कुंपणाच्या खांबाला अडकवलेली असे, म्हणजे ओसरीपर्यंत यायला नको. आठवड्यातून एकदा त्या आपल्या वाफ्यातली रताळी उकडून आणत. मासानोबाई वाकून दोन्ही हातांनी ती घेत, तोंडभरून आभार मानत, आणि नंतर कॉफीची पोती वाहणाऱ्या गाढवापुढे टाकत. यात आपलं काही चुकतंय, असं त्यांच्या मनातही येत नसे.

एका सकाळी कुनिशिगेंची कोंबडी खालच्या वाफ्यात शिरली. ती परत द्यायला कामादोबाई मागच्या पायवाटेनं वर आल्या. आदल्याच दिवशी दिलेली रताळी गाढव मिटक्या मारत खात होतं, आणि मासानोबाई रिकामी टोपली घेऊन तिथेच उभ्या होत्या.

कामादोबाईंनी कोंबडी खाली सोडली.

"गाढवाला आवडतात वाटतं," त्या म्हणाल्या. "बरं झालं, वाया गेली नाहीत."

एवढंच बोलून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या आल्या, बादली घेतली, वाकून नमस्कार केला आणि गेल्या. रताळी मात्र पुन्हा आली नाहीत. मासानोबाईंचं सकाळचं स्तोत्रपठण अडखळू लागलं. ओळ मध्येच सुटे, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागे.

कॉफी तोडताना त्यांनी न राहवून नवऱ्याला सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "अहो, पण मी त्यांना एका शब्दानं कधी दुखावलं नाही."

जिन्साकु देवळात फारसा जात नसे. तो फांदी वाकवून लाल फळं तोडत राहिला. "नाही दुखावलंस," तो म्हणाला. "तू फार गोड बोलतेस. म्हणून तर तिला भांडताही येत नाही."

"म्हणजे काय?"

"उसाच्या मळ्यावर असताना तू मुकादमाच्या बायकोला भाजी नेऊन द्यायचीस. ती हसून घ्यायची, मागच्या दारानं. एकदा ती भाजी उकिरड्यावर दिसली, तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस. मला पोथीतलं काही कळत नाही बाई. पण तूच रोज म्हणतेस, की अमिताभ कुणालाच बाहेर ठेवत नाही. मग ती बादली खांबावर कशाला?"

मासानोबाईंचा हात फांदीवरच थांबला. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि तशाच उतारावरून चालू लागल्या. अकरा वर्षांत त्या घराकडे त्या पहिल्यांदाच निघाल्या होत्या.

कामादोबाई दारात बसून घमेलं घासत होत्या. मासानोबाई म्हणाल्या, "मला तुमच्या हातचं काहीतरी खायला द्या."

"का? घरी गाढव नाही का?"

"आहे. त्याला अक्कल आहे, त्यानं खाल्ली. मला नव्हती."

कामादोबाई खो खो हसल्या, इतक्या की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं, हे दोघींनाही कळलं. रताळी आली, चहा आला. चहा देताना कामादोबाई सवयीनं गोंदलेली बोटं बाहीत लपवत होत्या. मासानोबाईंनी गोंदणाबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी हात उघडे केले. लग्न ठरलं तेव्हा आजीनं शेजारी बसून ते त्यांच्या हातांवर गोंदवून घेतलं होतं. गोंदण नसेल तर मेल्यावर पूर्वज ओळखत नाहीत, असं त्यांच्या गावात मानत. "इथे आल्यावर कळलं," त्या म्हणाल्या, "की हे असलं की जिवंत माणसं ओळखत नाहीत."

वर्षअखेरीस देवळात मोची करायची असते. चिकट तांदूळ वाफवून उखळात कुटायचे आणि बायकांनी त्याचे गोळे वळायचे. सर्वांत मोठी जोडी बुद्धापुढे ठेवायची. दरवर्षी कामादोबाई तांदूळ घेऊन येत आणि दरवर्षी त्यांना गोड आवाजात सांगितलं जाई, "तुम्ही दमला असाल, बाहेर बसा." हे सांगणाऱ्या मासानोबाईच असत.

या वर्षी त्यांनी कामादोबाईंना हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं, आपल्या शेजारी उभं केलं आणि वाफाळता मोठा गोळा त्यांच्यापुढे ठेवला. "मोठी जोडी तुम्ही वळा."

सगळ्या हातांचं काम थांबलं. मंडळातल्या हारुएबाई म्हणाल्या, "अहो, ती देवाची मोची आहे."

"म्हणूनच," मासानोबाई म्हणाल्या. "अमिताभानं आपल्याला जवळ करताना हात पाहिले असते, तर आज बाहेर मी उभी असते. कामादोबाई वर्षानुवर्षं बाहेर बसल्या, त्या माझ्यामुळे. चूक माझी आहे."

हारुएबाई धरून तिघी जणी एप्रन सोडून निघून गेल्या. उरलेल्यांनी माना खाली घातल्या आणि हळूहळू हात पुन्हा चालू लागले. कामादोबाईंनी वळलेली जोडी देवळाच्या भिक्षूंनी नेली आणि बुद्धापुढे ठेवली. ती पाहताना मासानोबाईंना वाटलं, इतकी वर्षं मी या देवळात येत होते, पण आत आज आले!

गेलेल्या तिघींपैकी दोघी पुढच्या वर्षी परत आल्या. हारुएबाई कधीच आल्या नाहीत. मासानोबाईंनी त्यांच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. त्या म्हणत, "मला अकरा वर्षं लागली. त्यांना आणखी लागतील."

वाचकहो, आपण कुणाला शिवी देत नाही, कुणाला हाकलून लावत नाही, म्हणून आपण भेदभाव करत नाही, असं आपल्याला खुशाल वाटत असतं. पण गोड बोलून दूर ठेवलेला माणूसही दूरच असतो. त्याच्या घरी आपण कधी जेवलो, एवढं एकदा स्वतःला विचारा. उत्तर आलं नाही, तर उठा आणि त्याच्या दारात जा. जेवण तोच वाढील.