दाराच्या जोराचा काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे, तराजूचा नव्हे, आणि पायात रुतणारा तर मुळीच नव्हे. एखादे जड दार ढकलून तुम्ही आत जाता आणि ते मागे आपोआप बंद होते, तेव्हा जरा मान वर करून पाहा. दाराच्या वरच्या कडेला एक लांबट लोखंडी पेटी दिसेल आणि तिला कोपरात वाकणारा एक हात. तिला क्लोजर म्हणतात. तिच्या पोटात तेल असते आणि एक दणकट स्प्रिंग असते. ही स्प्रिंग दाराला किती जोराने ओढते हे बाहेरून कुणाला कळणार? ते सांगायला मी आहे. पेटीवर नखाएवढी काचेची खिडकी, तिच्याखाली एक ते सहा आकडे, आणि खिडकीत लाल रंगाचा मी. स्क्रू आवळला की मी सहाकडे सरकतो, सैल केला की एककडे. खोटे बोलणे मला जमत नाही, कारण मी थेट स्प्रिंगलाच जोडलेला आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या तपासनीस बाई फार कडक होत्या. त्यांनी स्क्रू फिरवला, ओढ मोजणारा ताणकाटा लावून चाचणीचे दार ओढून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. पुन्हा फिरवला, पुन्हा पाहिले. शेवटी म्हणाल्या, "हा बरोबर बोलतो. जाऊ दे." माझ्या शेजारचे दोघे त्या दिवशी परत पाठवले गेले. मी मात्र छाती फुगवून खोक्यात बसलो.

मला एका वाचनालयात बसवले. वाचनालयाच्या मागच्या अंगाला पुस्तकबांधणीची खोली होती. तिथे कागदांचे गठ्ठे, कापडाचे तुकडे आणि शेगडीवर तापणारा सरस असे. दाराला लागूनच एक जिना मुलांच्या वाचनकक्षाकडे जात होता. खोलीत कधी आग लागलीच, तर धूर जिन्यात जाऊ नये म्हणून हे जाड दार नेहमी बंद राहिले पाहिजे, असा नियम होता. बसवणाऱ्या मिस्त्रींनी मला तीनवर आणले, दार चार वेळा उघडून पाहिले आणि खूश होऊन गेले.

त्या खोलीची मालकीणच म्हणावी अशी एक मावशी होती. फाटक्या पुस्तकांना ती नवे कपडे शिवायची. दोन्ही हातांत पुस्तकांची चवड घेऊन ती यायची, कंबरेने दाराला हलकासा धक्का द्यायची आणि आत जायची. मागे दार अलगद मिटायचे. "हे दार माझ्या सासूबाईंपेक्षा समजूतदार आहे," ती म्हणायची, "मागे येतं, पण बोलत नाही." ही स्तुती दाराची असली तरी तिच्यात माझा वाटा मोठा होता, हे मी नम्रपणे सांगतो.

पुढे दार आपटू लागले. त्याच्या धडामधूमने वाचणारी माणसे दचकत. ग्रंथपाल सरांनी मिस्त्रींना बोलावले आणि सांगितले, "जोर कमी करा." मिस्त्रींनी मला दोनवर आणले. आता आपटणे थांबले, पण दार पुरते लागेना, बोटभर उघडेच राही. सर म्हणाले, "जोर वाढवा." मी चारवर गेलो आणि दार पुन्हा आपटू लागले. मित्रांनो, घोडे कुठे पेंड खात होते ते मला दिसत होते. दार आपटते ते वेगामुळे, आणि वेगाचा स्क्रू वेगळा, पलीकडच्या टोकाला. सर 'जोर' म्हणत होते ते आपटण्याला, आणि मिस्त्री 'जोर' ऐकत होते ते स्प्रिंगचा. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, इथे एका शब्दाने दोन शहाण्यांना मारले होते.

तेवढ्यात रंगारी आला. त्याने दाराला रंग दिला, चौकटीला दिला आणि हात फिरतोच आहे तर मलाही दिला. माझ्या खिडकीवर अंधार पसरला. मला फार वाईट वाटले, ते लपवत नाही. पण मी सरकायचे सोडले नाही. कुणी पाहो न पाहो, आकडा बरोबरच दाखवायचा, हा माझा बाणा. त्यानंतर सगळी आंधळी कोशिंबीरच होती. आवाज दबावा म्हणून चौकटीला रबराच्या पट्ट्या लावल्या. पट्ट्यांमुळे दार अडू लागले, म्हणून स्क्रू आवळला. पट्ट्या कडक झाल्या, पुन्हा आवळला. दर वेळी "थोडासाच" आवळला, आणि मी रंगाखाली सहावर जाऊन टेकलो.

अशात मावशी घरी पडली आणि तिचा उजवा खांदा मोडला. ती बऱ्याच महिन्यांनी कामावर आली. हातात पुस्तके घेऊन तिने नेहमीसारखा कंबरेने धक्का दिला. दार हलले नाही. तिने पुस्तके खाली ठेवून डावा हात लावला. दार जरासे उघडले आणि तिच्याच अंगावर परत आले. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिच्या डोक्यावरच होतो आणि मला तोंड नव्हते.

शिपायाने दाराखाली लाकडाची पाचर ठोकली. सरांनी ती काढून टाकली. "वर मुलं बसतात आणि आत सरस तापतो. हे दार उघडं ठेवायचं नाही," ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. मग ते मावशीकडे वळले. "मावशी, तुमचा हात अजून सावरलेला नाही. बांधणीचं काम आपण बाहेर देऊ. तुम्ही आता घरी आराम करा."

"घरी?" मावशी म्हणाली. "घरी सून मला भाजी चिरू देत नाही आणि नात पाण्याचा तांब्या उचलू देत नाही. मी काय शोभेला बसू? हात चालतो माझा. एवढं दार सोडलं तर सगळं जमतं मला."

"पण दार सोडून कसं चालेल?"

"मग मिस्त्रींना बोलवा. शेवटचं."

मिस्त्री आले, शिडीवर चढले. मावशीने खालून विचारले, "आत्ता जोर किती आहे?"

"जास्त आहे."

"जास्त म्हणजे किती? 'जास्त' बघून मी पुठ्ठा कापला तर पुस्तक बसेल का त्यात? त्या पेटीवर पूर्वी काहीतरी लाल दिसायचं. मला आपला तो दिवा वाटायचा."

मिस्त्रींनी रंग खरवडला. पापुद्रा निघाला आणि माझ्यावर उजेड पडला.

"अरेच्चा, हा तर काटा! आणि बसलाय सहावर!"

"सहावर?" सर ओरडले. "मी कितीदा सांगितलं, जोर कमी करा!"

"आणि कितीदा सांगितलंत, जोर वाढवा!"

"अहो, मी आपटण्याबद्दल बोलत होतो!"

"मग 'आपटतंय' म्हणायचं ना, सर!"

"भांडणं मागाहून करा," मावशी म्हणाली. "आधी त्याला खाली आणा."

मिस्त्रींनी कडक पट्ट्या काढल्या, धक्क्याने आत सरणारी लॅचची जीभ साफ करून तिला मेण चोळले आणि वेगाचा स्क्रू नीट लावला. मग मला उतरवत आणले. अडीचवर दार लागेना. तीनवर आले तेव्हा ते सावकाश मिटले आणि टक् करून लागले. सरांनी वाकून पाहिले, कुठेही फट नव्हती.

मावशीने डाव्या हातावर पुस्तकांची चवड घेतली. सवयीने शिपाई दार उघडायला पुढे धावला.

"हात खाली!" ती म्हणाली.

तिने कंबरेने धक्का दिला. दार उघडले, ती आत गेली, दार मागे मिटले. मग आतून तिचा आवाज आला, "अजून सरस कुणी तापत ठेवला नाही? इतके महिने काय झोपा काढत होतात?"

बाहेर सर इतके हसले की वाचनकक्षातल्या मुलांनी त्यांनाच गप्प बसायला सांगितले.

मित्रांनो, माझे मागणे थोडेच आहे. रंग देताना माझ्या खिडकीवर कागदाचा तुकडा चिकटवा. स्क्रूला हात लावण्याआधी माझ्याकडे पाहा. जोर किती आहे ते मी बिनचूक सांगेन. तो किती असावा, हे मात्र मला विचारू नका. त्या दारातून ज्याला रोज जायचे आहे, त्याला विचारा.