तुर्कूहून निरोप नाही

अंकुरला ऐकू येत नव्हतं, म्हणून फोनचा काही उपयोग नव्हता. देवासहून तो फिनलंडला निघाला तेव्हा विनोदिनीबाईंनी त्याच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती. रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर बोलायचं.

२००३ सालचा मे महिना होता. तुर्कू नावाच्या शहरात देशोदेशीच्या कर्णबधिर तरुणांची परिषद भरली होती आणि अंकुरला तिथे खुणांच्या भाषेत भाषण करायचं होतं. तो देवासच्या एका कारखान्यात मशीनची ड्रॉइंगं काढायचा. इंदूरच्या पलीकडे एकटा कधी गेला नव्हता. त्याचे वडील यशवंतराव त्याच कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. ते साफ नाही म्हणत होते. "विमानतळावर अनाउन्समेंट झाली तर याला समजणार कशी?" हट्ट विनोदिनीबाईंचा होता. तेव्हा काही बरंवाईट झालं असतं तर ते त्यांच्याच माथी येणार होतं.

पहिले दोन दिवस छान गेले. घराजवळच्या सायबर कॅफेत बसून त्या एका बोटाने टाइप करायच्या. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत, मधेमधे हिंदी. अंकुरची शाळा हिंदी, त्यामुळे त्याचंही तसंच. "आई मी ठीक. थंडी बहुत. ब्रेड खाल्ला." एवढं वाचलं की त्यांना रात्री झोप लागायची.

तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही. त्या तासभर पडद्याकडे बघत बसल्या. मेल उघडली तर त्यात धारहून भाचीने, वेदिकाने, पाठवलेले फोटोच फोटो. त्यांच्या भावाने, मानाजीने, धारला नवं घर बांधलं होतं. अंगण, देवघर, गच्ची, सगळ्याचे मोठमोठे फोटो. वर कसलीशी लाल ओळ होती इंग्रजीत. जाहिरात असेल म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "अंकुर, कुठे आहेस?" एवढं लिहून त्यांनी बटण दाबलं आणि घरी आल्या.

चौथ्या दिवशीही तेच.

"माँजी, वहाँ का नेट ही डाउन होगा," कॅफेवाला म्हणाला. "टेन्शन मत लो."

यशवंतरावांनी मग त्याच्या हॉस्टेलचा नंबर फिरवला. कारखान्यातलं इंग्रजी पुरवून पुरवून बोलले. तिकडच्या बाईने उत्तर दिलं की तो सकाळीच बाहेर पडतो, कुठे जातो ते माहीत नाही.

"म्हणजे परिषदेत नाही?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"मला काय ठाऊक! कुठे जातो, माहीत नाही म्हणे."

"तुम्ही नीट विचारलं नाही."

"तूच पाठवलंस ना त्याला?" यशवंतराव बोलून गेले आणि लगेच पेपर तोंडासमोर धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मानाजीच्या घराची वास्तुशांत होती. न जाऊन चालणारच नव्हतं. सकाळच्या बसने दोघं धारला पोहोचले. भटजी मंत्र म्हणत होते, वहिनी प्रत्येकीला नवं स्वयंपाकघर दाखवत होत्या, आणि विनोदिनीबाईंना डोळ्यांसमोर फक्त एक अनोळखी रस्ता दिसत होता. त्या रस्त्यावर मागून गाडी येते आहे, हॉर्न वाजतो आहे, आणि अंकुर आपल्याच नादात चालला आहे. त्यांनी वेदिकाला बाजूला घेतलं.

"इथे कुठे नेट आहे का गं?"

"आहे ना, आत्याबाई. पण पूर्णाहुती व्हायचीय अजून."

"आत्ता चल."

वेदिकाने स्कूटी काढली. कॅफेत दोन कॉम्प्युटर चालू होते. पान उघडता उघडेना. फोनची लाइन लागायची, तुटायची, परत लागायची. शेवटी पासवर्ड टाकायची जागा आली, वेदिकाने तो टाकला, आणि लाइट गेली. पंखा थांबला. कॅफेवाला म्हणाला, "अब शाम को आएगी." विनोदिनीबाई त्या काळ्या पडद्यासमोरून उठेचनात. वेदिकाने खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यांना रडू फुटलं.

जेवण न करताच त्या निघतो म्हणाल्या. मानाजी रागावला. "तायडी, वास्तूच्या दिवशी उपाशी जातात का?" पण यशवंतरावांनी पिशवी उचलली. बसमध्ये ते म्हणाले, "मी तसं बोलायला नको होतं." विनोदिनीबाईंनी मान हलवली, पण खिडकीबाहेरच बघत राहिल्या.

देवासला घराच्या फाटकापाशी शेजारच्या सगुणाबाई उभ्या. "अहो, दुपारपासून तुमचा फोन वाजतोय! कुलूप पाहून परत गेले मी."

यशवंतरावांनी घाईने कुलूप काढलं. ते आत शिरून दिवा लावतात तोच फोन पुन्हा वाजला.

बाईचा आवाज होता, इंग्रजीत. आपण परिषदेतल्या दुभाषी आहोत असं तिने सांगितलं. अंकुर शेजारी उभा आहे, तो कागदावर लिहितो आहे, मी वाचून दाखवते.

"उभा आहे," यशवंतराव ओरडले. "अगं, उभा आहे!"

मग तिने वाचलेलं एकेक वाक्य यशवंतराव मराठीत सांगत गेले. परिषदेत कॉम्प्युटर मोजके आणि माणसं शेकडो. आता संध्याकाळी नंबरच लागत नाही. म्हणून तो रोज सकाळी चालत शहरातल्या लायब्ररीत जातो आणि तिथून मेल करतो. पण प्रत्येक मेल परत येते आहे. आईचा मेलचा डबा भरला आहे, म्हणजे ती मेल उघडतच नाही. आईकडून काहीच येत नाही. आई आजारी आहे का? खरं सांगा.

"मी?" विनोदिनीबाई म्हणाल्या. "माझी काळजी करतोय तो?"

दुभाषी बाई म्हणाली, तो आता लिहायचं सोडून कपाळाला बोट लावतो आहे, पुन्हापुन्हा. ही खूण मला येत नाही.

यशवंतरावांना ते मराठीत सांगणं जमेना. त्यांनी नुसतं स्वतःच्या कपाळाला बोट लावून दाखवलं. कुंकू. लहानपणापासून अंकुर आईला अशीच हाक मारायचा.

विनोदिनीबाईंनी रिसीव्हर हातात घेतला. इंग्रजी येत नव्हतं आणि ज्याच्याशी बोलायचं त्याला ऐकू येत नव्हतं. "त्याला म्हणावं मी बरी आहे," त्या मराठीतच म्हणाल्या, आणि फोन परत नवऱ्याच्या हातात दिला.

लगेच दोघं कॅफेत गेले. कॅफेवाल्याने ती लाल ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला. "माँजी, डब्बा फुल है! न आ रहा है, न जा रहा है." भरला होता तो धारच्या फोटोंनी. देवघर, अंगण, गच्ची, सगळे फोटो एकेक करून पुसले.

डबा रिकामा झाला तरी परत गेलेल्या मेल काही आल्या नाहीत. त्यांत त्याने काय काय लिहिलं होतं ते विनोदिनीबाईंना नंतर अंकुरने हातांनी सांगितलं, घरी आल्यावर, चहा गार होईपर्यंत. भाषणाच्या शेवटी सगळ्या सभागृहाने हात वर करून पंजे हलवले, ती त्यांची टाळी. यशवंतराव समोरच बसले होते. त्यांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले आणि अंकुरला खुणेनेच विचारलं, असेच ना?