आई असताना अनाथ

परदेशी स्वयंसेवकांचा त्या दिवशी निरोपसमारंभ होता. बालगृहाच्या मागच्या अंगणात धोबीण चादरी पिळत होती, पण तिचे कान सभागृहाकडे होते. आत व्यवस्थापक तिच्या नऊ वर्षांच्या लेकीकडून पाठांतर करून घेत होते.

"आई कशी गेली?"

"पुरात."

"हळू म्हण. खाली बघून."

तीन वर्षांपूर्वी नवरा वारला, तेव्हा याच माणसाने तिला काम दिलं, लेकीला शाळा दिली. अट एकच: मुलगी अनाथ म्हणून राहील आणि आईला मावशी म्हणेल. लेक शिकेल म्हणून तिने काळजावर दगड ठेवला. तिथल्या बहुतेक मुलांची हीच गत होती. पाहुणे यायचे, पंधरा दिवस गाणी शिकवायचे, रंगवलेल्याच भिंती पुन्हा रंगवायचे, पोरांना लळा लावायचे, संस्थेला देणगी द्यायचे आणि निघून जायचे. मागच्या खेपेला त्यांची गाडी सुटली, तर लेक दोन दिवस जेवली नव्हती. आणि परवा वेणी घालताना, आसपास चिटपाखरू नसतानाही ती म्हणाली, "मावशी, हळू."

समारंभात लेकीने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. पाहुण्यांमधल्या पिकल्या केसांच्या शिक्षिकेचे डोळे भरून आले. तिने दुभाषी मुलीमार्फत विचारलं, "तुला आई आठवते का?"

हे पाठांतरात नव्हतं. लेकीने दाराकडे पाहिलं. तिथे घड्या केलेल्या चादरी घेऊन धोबीण उभी होती.

"लहान होती तेव्हा," व्यवस्थापक घाईने म्हणाले. "काय आठवणार?"

धोबिणीने चादरी खाली ठेवल्या. "तिची आई मी आहे."

व्यवस्थापक जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे का? उद्या पोरीला शाळेत कोण बसवणार?"

"मी बसवीन. नाहीच जमलं तर अडाणी राहील, पण पोरकी राहणार नाही."

शिक्षिकेने दुभाषीला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" दुभाषी चाचरली.

"बाळ, मी बोलले ते जसंच्या तसं सांग," धोबीण म्हणाली. "मीठमसाला नको, पाणीही घालू नको."

दुभाषीने सांगितलं. मग धोबीण मुलांकडे वळली. "ज्यांचे आईबाप आहेत, त्यांनी हात वर करा."

पोरांनी आधी व्यवस्थापकांकडे पाहिलं. मग एक हात वर गेला, आणि पाठोपाठ दुसरा. तेवीसपैकी एकोणीस हात वर आले.

शिक्षिका दुभाषीमार्फत म्हणाली, "आम्ही तर चांगलं करायला आलो होतो."

"ते खरं आहे, बाई. पण तुम्हाला अनाथ पोरं भेटायला हवी असतात, म्हणून इथे ती तयार होतात."

दुपारी मायलेकी गाठोडं घेऊन बाहेर पडल्या. शिक्षिकेने परतीचा प्रवास पुढे ढकलून तक्रार नोंदवली. चौकशी लागली आणि ती एकोणीस पोरं आपापल्या घरी गेली. सगळ्यांनाच त्याचा आनंद झाला असं मात्र नाही. धोबीण गल्लीतल्या गवंडीणबाईच्या दारात गेली, तेव्हा तिने दार अर्धंच उघडलं.

"तुझ्या खरेपणापायी माझ्या पोराची शाळा गेली."

"गेली," धोबीण म्हणाली. "म्हणून तर आले. सरकारी शाळेच्या हेडमास्तरांनी काल मला एकटीला बघून परत पाठवलं. आज एकोणीस आया गेल्या, तर काय करतील?"

गवंडीण आत गेली. धोबीण पायरीवर बसून राहिली. थोड्या वेळाने आतून चपला शोधल्याचा आवाज आला.