कोरसीखालचा पाय

त्या हिवाळ्यात अलवंदच्या पायथ्याशी अशी थंडी पडली, की माझ्या गाढवाची सावली भिंतीला गोठून बसली ती वसंतात, नवरोजच्या उन्हातच सुटली. तोवर बिचारं गाढव सावलीवाचूनच हिंडलं. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

अशा थंडीत आमच्याकडे माणूस तगतो तो कोरसीच्या आधारानं. ठेंगणा लाकडी चौरंग, त्याच्याखाली राखेत दडवलेले निखारे, वरून चारी अंगांना पसरलेली जाडजूड गोधडी. ती कमरेपर्यंत ओढून सगळ्यांनी पाय आत घालायचे. वर माणसं अदबीनं चहा पितात; खाली पायांची वेगळीच सभा भरलेली असते.

माझ्या मयत मित्राचा मुलगा फरामर्ज याला त्याच्या मामाची मुलगी तूबा हवी होती. मामा, म्हणजे करबलाई हैदर, म्हणायचा, पोरगी हो म्हणेल तर माझी ना नाही. पण वडीलधाऱ्यांसमोर विचारलं की तूबा चहाच्या उकळत्या सामोवारकडे बघत बसायची. शुक्रवारी शेजारच्या गावचा मेंढ्यांवाला मागणी घालायला यायचा होता. त्याच्या दोन दिवस आधी झऱ्यावर तूबानं फरामर्जला सांगून ठेवलं: उद्या दुपारी ये, विचार करून ठेवते, होकार असेल तर कोरसीखाली पायानं पाय दाबीन.

बापाच्या जागी म्हणून मी सोबत गेलो. मी बर्फाच्या गप्पा लांबवल्या, हैदरनं अक्रोड पुढे केले. तूबा समोरच बसलेली; फरामर्जचा चहा निवून गेला. आणि मग एकाएकी पोराचा चेहरा डाळिंबासारखा फुलला.

"मामा, तूबा हो म्हणाली."

हैदरनं पेला खाली ठेवला. "कधी?"

"आत्ता. पायानं. चांगला दाबून."

"अरे खुळ्या, तो माझा पाय. तुझ्या टाचा सगळी धग अडवून बसल्यात. सरक म्हणत होतो."

हैदरच्या बायकोनं, खावरनं, तोंडात ओढणी कोंबली. मी अक्रोडात कीड शोधू लागलो. फरामर्ज उठला आणि दाराशी जाऊन बूट चाचपू लागला. त्याच्या जागची गोधडी उघडीच राहिली. सगळी ऊब तिथून निघाली.

आमच्यात पाहुणा उठला की त्याच्या जागची कड घरच्या बाईनं खोचायची. घरचा माणूस आपली आपण खोचतो. खावर पुढे सरकली, तर तूबानं आईचा हात धरला.

"फरामर्ज," ती म्हणाली, "तुझी कड उघडी आहे. कोण खोचणार?"

"तूच खोच," तो बुटांशीच पुटपुटला.

"मी कशाला? तू काय पाहुणा आहेस?"

पोरगा एका पायात बूट घालून तसाच उभा. डोक्यात उजेड काही पडेना. मी खाकरलो, खावरनं कपाळाला हात लावला. शेवटी हैदरलाच राहवेना.

"बैल आहे नुसता. अरे, पायानं नाही, तोंडानं बोलली ती, चौघांत. बूट काढ, बस आणि कड खोच. माझी ऊब पार हमदानला पोचली."

फरामर्ज बसला. आणि ती कड त्यानं अशी काही घट्ट खोचली, की संध्याकाळी हैदरचे पाय बाहेर ओढायला मी, खावर आणि माझं गाढव, तिघं लागलो.