उतरलेली काळी एक

मित्रांनो, आमच्या आत्माराम मास्तरांना मुंबईहून एक पत्र आले होते आणि त्यांनी त्याला उत्तरच दिले नव्हते. ते माझ्या झाकणावर पडून असे. मास्तर येता-जाता त्याच्याकडे पाहत, चष्मा पुसत आणि दुसऱ्या खोलीत निघून जात. मला त्यांच्याकडे पाहवत नसे. कारण उत्तर अडले होते ते माझ्यामुळेच.

मी एक जुनी पायपेटी आहे. पायांनी माझा भाता हलवायचा आणि हातांनी पट्ट्या दाबायच्या, म्हणजे माझ्या आतल्या पितळेच्या पात्या थरथरतात आणि सूर उमटतो. माझा जन्म कुठल्या परदेशी कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही, आणि चुकीचे सांगण्यापेक्षा न सांगितलेले बरे. आठवतात ते नाटक कंपनीतले दिवस. आगबोटीतून लहानशा होडीत, पडावात, उतरवताना आपण समुद्रात पडतो की काय, या धास्तीने प्रत्येक बंदरात माझा जीव आवळून जाई. पुढे १९२५ साली रत्नागिरीत ती कंपनी मोडली. नटमंडळी आपापल्या गावी गेली. मला कोण नेणार? मास्तरांनी मला झाडगावातल्या आपल्या घरी, पुस्तकांच्या कपाटाशेजारी जागा दिली.

त्या काळी 'राष्ट्रीय' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. राष्ट्रीय शाळा होत्या, राष्ट्रीय सण होते. मास्तरांच्या मनात आले, राष्ट्रीय वाद्यवृंद का असू नये? देवळातली सनई, बंदरावरचा ढोल, माजघरातली सतार आणि परक्या मुलखातून आलेली मी, सर्वांनी एकत्र वाजावे. मास्तर इतके भिडस्त की हे त्यांनी प्रथम मलाच सांगितले, तेही पट्ट्या पुसता पुसता! त्यांच्या पत्नी दमयंतीबाईंनी ते ऐकले आणि आठवड्याभरात गावभर केले. मग सतार आली, तबला आला. पूर्णगडचा मोरू खलाशी गळ्यात ढोल अडकवून आला. शेवटी गावदेवीच्या देवळातला धाकू गुरव आपली सनई घेऊन आला.

आमचा पहिला कार्यक्रम देवळाच्या सभामंडपात झाला. मी काळी एक या पट्टीत सूर धरला, धाकूने सनई ओठांना लावली, आणि मित्रांनो, अंगावर काटा आला. सनईचा सूर माझ्याहून थोडा उतरलेला होता. फार नाही, केसभरच. पण दाराच्या फटीत बोट चेमटावे तसे ते ऐकणाऱ्याला झाले. बाहेरचे कुत्रे विव्हळू लागले.

"मास्तर," मागून कोणीतरी ओरडले, "हा वाद्यवृंद की वादवृंद?"

सगळा मंडप हसला. मास्तरांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. तार पिळून किंवा ढोल तापवून सूर जुळवता येतो. सनई आणि मी मात्र दोघीही जन्मजात हट्टी. तेव्हापासून सनई वाजू लागली की मी गप्प बसे आणि मी वाजू लागले की सनई गप्प. तशाही स्थितीत वृंद वाढला. दापोली, अंजनवेलपर्यंतची बोलावणी आली. लोक वाहवा करीत. पण सनई आणि मी एकदाही एका सुरात वाजलो नव्हतो, ही टोचणी मला आणि मास्तरांना सुखाने बसू देत नव्हती.

अशात १९३४ च्या माघात ते पत्र आले. मुंबईत काही रसिक सर्व देशाचा मिळून एक मोठा वाद्यवृंद उभारणार होते. आमच्या वृंदालाही त्यात घेण्याची त्यांची इच्छा होती. विचारले होते एवढेच, की तुमचा वृंद कोणत्या पट्टीत वाजतो? पावसाळ्यासाठी आगबोटी बंद होण्यापूर्वी कळवावे.

"काय लिहू?" मास्तर पुटपुटले. "आम्ही दोन पट्ट्यांत वाजतो, असे लिहू? हसतील हो!"

धाकूला हे कळले आणि त्याने एक गोष्ट केली. सनईच्या तोंडाशी ताडाच्या पानाची जिभाळी असते. मास्तरांवरच्या मायेने त्याने ती थोडी कापली. सूर चढला आणि नेमका माझ्याशी येऊन मिळाला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले. मीही हरखले. पण मनात पाल चुकचुकली.

शिमगा आला. आमच्याकडे शिमग्यात देवीची पालखी खांद्यावर नाचवतात, आणि ती नाचते सनईच्या सुरावर. यंदा धाकूने सूर धरला आणि भोयांचे पाऊलच पडेना. दोनदा पालखी कलंडता कलंडता वाचली.

"धाकू, सनय अशी वरडते कशापायी?" मानकऱ्यांनी दरडावले. "देवीला वळख पटंना तिची!"

धाकू तसाच आमच्याकडे आला. "मास्तर, माफी करा. ही सनय देवीची हाय. देवीनं काय तुमच्या पेटीला इचारून नाचायचं? मी नवी जिभाळी बांधतोय. तुमचा वृंद मी सोडला."

मास्तर चष्मा पुसू लागले. दमयंतीबाईंनी मात्र त्याला ओटीवरच अडवले. "थांब रे धाकू! आणि अहो, तुम्ही! सनई वर चढत नाही, तर पेटी खाली उतरेल की. माणसे नाही का एकमेकांसाठी उतरत?"

 पितळी पाती मुळाशी कानशीने खरवडली की सूर उतरतो, हे मला ठाऊक होते. जरा जास्त खरवडली तर ती तुटते, हेही ठाऊक होते. आणि मास्तरांचे हात तर खडू धरतानाही कापत!

मास्तरांचा धीर होईपर्यंत वैशाख सरत आला, आणि मग एके दिवशी मला उघडले. दमयंतीबाई भाता मारू लागल्या, धाकू सूर देऊ लागला आणि मास्तर एकेक पाती खरवडू लागले.

"अजून थोडं, मास्तर."

"तुटेल रे."

"तुटंल तर तुटंल. घाबरून कानस उलटी धरलीत, ती आधी सुलटी करा!"

दमयंतीबाई इतक्या हसल्या की भाताच थांबला. एक पाती मात्र खरेच तुटली. खालच्या सप्तकातली माझी ती पट्टी आजही मुकी आहे. मित्रांनो, जुन्या वाद्याला धूळ-वाळवीपासून जपा, दमट हवेपासून जपा. पण इतकेही जपू नका, की ते कोणाच्या सुरात सूर मिळवायचेच राहून जाईल.

संध्याकाळी सनई आणि मी देवीच्या सुरात प्रथमच एकत्र वाजलो. फट उरली नव्हती. कुत्रेही गप्प होते.

मग मास्तरांनी माझ्याच झाकणावर कागद ठेवून लिहिले, 'आम्ही काळी एकमध्ये वाजतो. मात्र आमची काळी एक तुमच्या काळी एकहून किंचित उतरलेली आहे. ती देवीच्या सनईची आहे, म्हणून ती आम्ही चढवणार नाही. चालत असेल तर बोलवावे.'

"फार उद्धट झाले का हो?" त्यांनी विचारले.

"झाले असेल तर होऊ दे," दमयंतीबाई म्हणाल्या. "उद्या शेवटची बोट आहे."

मास्तर आणि धाकू टपाल कचेरीकडे गेले. मी उघड्या खिडकीशी कान लावून बसले. बऱ्याच वेळाने धाकू धापा टाकीत परत आला आणि ओटीवरूनच ओरडला, "वयनी, टाकलं एकदाचं! मास्तर टपालाच्या पेटीत हात घालून पत्र परत काढायला बघत व्हते. मीच हात वढला भायेर!"