हार घातलेला फोटो

माझी कादंबरी तीनशे लोकांनी वाचली असेल, मालिका अर्धा महाराष्ट्र बघतो. गोष्ट तीच, लिहिणारा मीच. पण अंधेरीतलं घर काही कादंबरीवर चालत नाही.

कादंबरी बाबांवरची. अठरा वर्षांपूर्वी वर्सोव्याहून त्यांची बोट गेली ती गेलीच. प्रेत सापडलं नाही, म्हणून आईनं ना दिवस केले, ना कुंकू पुसलं. पुस्तकातही मी त्यांना मारलं नाही. तिच्या आशेवर पाणी फिरवायची माझी छाती नव्हती.

चॅनलच्या रुचिकाची होती. "सर, प्रेक्षक कंटाळलेत. बाप मेला पाहिजे. भिंतीवर फोटो, फोटोला हार. झकास सीन होईल!" बापाचं काम करणारा नट मात्र अडून बसला. जिवंत माणसाच्या फोटोला हार म्हणजे अपशकुन. शूटिंग खोळंबलं. मी वैतागून बाबांचाच जुना फोटो पाठवून दिला. लांबून कोणाला कळतंय!

आईला कळलं. एपिसोड लागला त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी कोळीवाड्यात गेलो, तर ती उंबऱ्याशी बसलेली.

"रामनाथ, हार तू घातलास?"

"अगं, मालिका आहे ती."

"तुजा बापूस रोज दिवेलागणीला येतो, माज्यासंगं जेवतो. काल दारातूनच माघारी गेला. म्हणाला, पोरानं हार घातला, आता घरात पाय ठेवता येत नाय."

आईचं डोकं फिरलं आणि ते मी फिरवलं, या विचारानं रडूच आलं. "माझ्याकडे चल राहायला," मी म्हणालो. तेवढ्यात बाहेर कोणीतरी खाकरलं. बाबा खाकरायचे अगदी तसंच.

बाहेर बघितलं. शेजारची शकु कोळंबी सोलत होती. तिनं मानही वर केली नाही. बाकी गल्ली रिकामी.

आई उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि त्या रिकाम्या गल्लीला म्हणाली, "तुला आत येता येत नाय ना? मग मीच येते."

उजवा हात पुढे करून ती उंबरा ओलांडायला लागली. मी धावत जाऊन तिचा डावा हात धरला. "आई, चुकलो मी! नको जाऊस!" सगळा जोर लावून मागे ओढलं, पण तिचा उजवा हात पलीकडून ताणलेला होता आणि मनगटावरून पाणी ठिबकत होतं.

मी पेन धरणारा माणूस. बाबांनी जन्मभर जाळं ओढलेलं.