रजा नामंजूर

मी एक जुनी हजेरीवही आहे. लाल पुठ्ठ्याची, नारायण पेठेतल्या दुकानातून आणलेली. माझ्या बहिणी शाळा-कचेऱ्यांत गेल्या आणि मी आले स्वारगेटजवळ, एका व्यावसायिक कबड्डी संघाच्या मैदानावर.

रोज सकाळी सहाला खेळाडू माझ्यात सह्या करत. पाच मिनिटं उशीर झाला की संघाचे कारकून बद्रीनाथ चष्म्यावरून बघत म्हणत, "आलात? उपकार झाले." मग लाल शाईचा शेरा. त्यांच्या अक्षराचं कौतुक झालं की मला ते माझंच वाटे.

सगळ्यांत नेटकी सही वैजनाथची. परळीकडून आलेला चढाईपटू. बहिणीच्या लग्नासाठी त्याने दोन दिवस मागितले, तेव्हा व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून बद्रीनाथांनी त्याच्या नावापुढे लिहिलं, 'रजा नामंजूर'. तो गेला नाही. तिकडे अक्षता पडल्या त्याच दिवशी इकडे सरावात त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं.

संघाने हात वर केले. हा आमचा नोकर नव्हे, करारावरचा स्वतंत्र खेळाडू, उपचाराचं त्याचं त्याने बघावं. वैजनाथ कुबडी घेऊन कामगार कार्यालयात गेला, आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी व्यवस्थापकांनी जुन्या वह्या रद्दीत घालायला सांगितल्या.

मित्रांनो, मी कपाटात नुसती तळमळत होते. तो नोकर होता हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण मला तोंड नाही. दारात रद्दीवाल्याचा काटा वाजला. बद्रीनाथांनी गठ्ठा उचलला, मला बाहेर ओढलं, बराच वेळ हातात धरलं. त्यांच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. शेवटी मी त्यांच्या कापडी पिशवीत गेले.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत कामगार अधिकाऱ्यांनी रजेचं ते पान उघडून नोंद कुणाची ते विचारलं.

"माझी," बद्रीनाथ उभे राहिले. "नोकर नव्हता, तर साहेब, आम्ही त्याची रजा नाकारली कशी?"

अधिकाऱ्यांनी माझ्यावर शिक्का मारून मला पुरावा म्हणून ठेवून घेतलं. बाहेर आल्यावर बद्रीनाथ वैजनाथला म्हणाले, "चला, मला आता रोजच रजा."

निकाल अजून लागलेला नाही. अंगावर शिक्का घेऊन मी सरकारी कपाटात पडून आहे आणि पाऊल वाजलं की दचकते. मित्रांनो, खेळाडूला टाळ्या जरूर वाजवा, पण तो पडला तर उचलणार कोण, हेही विचारत जा. आणि जुनी वही रद्दीत घालण्याआधी एकदा चाळा. कुणाचा तरी गुडघा तिच्यात अडकलेला असतो.